विसरले नव्हते

चि. सोना हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन घेतला नाही, कारण डोळे तपासायला गेले होते. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की काही तास जवळचं दिसत नाही, उजेडही सोसवत नाही. विसरले नव्हते. मुद्दाम लिहिते, कारण हल्ली मी चष्मा शोधायला लागले तरी तुझा चेहरा उतरतो.

पडद्याच्या फोटोत तीन-चार लाल ठिपके दिसले. साखरेने बारीक रक्तवाहिनीची भिंत कमकुवत होऊन फुगते, तो ठिपका. सुरुवात आहे, नजरेला आज धोका नाही. मग तुझा प्रश्न मीच विचारला: डोळ्यावरून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कळतो का? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, गर्भात हा पडदा मेंदूतूनच फुटून तयार होतो. कवटीला हात न लावता मेंदूसारख्या रक्तवाहिन्या बघायची सोय इथेच. इथे पडझड असेल तर आतही असू शकते. ज्या मधुमेहींचा पडदा बिघडलेला असतो त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळतं, हे खरं. पण ते हजारो माणसांचं गणित. माझ्या चार ठिपक्यांवरून माझं काय होणार, हे कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे तू रात्री जागून वाचत बसू नकोस.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाची २०२४ची यादी मात्र मीही वाचली. डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी, त्यांत मधुमेह आहे आणि उपचार न केलेली अधू नजरही. म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन आता लांबवणार नाही. झालं तुझ्या मनासारखं!

एक लपवलं होतं. गेल्या महिन्यात पहाटे घाम फुटला, हात थरथरले. साखर फार खाली गेली होती. तुझ्या धाकाने मी जेवण कमी केलं होतं आणि गोळी तेवढीच. वारंवार साखर घसरणंही मेंदूला चांगलं नाही म्हणे. गोळी कमी करून घेतली आहे. आता माझ्या ताटावर नजर ठेवू नकोस.

पुढच्या वर्षी पडदा तपासायला तूच सोबत ये, परतताना हात धरायला कुणीतरी लागतंच. आणि गरोदरपणात तुझी साखर वाढली होती, त्यानंतर तू एकदाही तपासलेली नाहीस. हे मी विसरलेले नाही.

तुझी,
आई