पिल्लाच्या शी-शूबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

कुत्र्याचं पिल्लू घरात आलं की पहिला प्रश्न शी-शूचा. बाकीच्या गप्पा फोनवर मारू, इथे तेवढंच लिहिते.

आधी जागा ठरवा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून दहा-बारा वेळा तरी शू लागते. तेवढ्या वेळा जिना उतरणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. पहिल्या दिवसापासून बाहेरच न्या, असं पुष्कळ जण सांगतील. तुमच्यासाठी मात्र गॅलरीतला ट्रेच बरा. शिवाय लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईस्तोवर, भटकी कुत्री वावरतात तिथे त्याला जमिनीवर सोडायचंच नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

ट्रे बुटक्या काठाचा आणि आत पिल्लाला गिरकी घेता येईल एवढा मोठा हवा. त्यात पॅड किंवा वर्तमानपत्राचे जाड थर घाला. कागद बदलताना आधीचा किंचित ओला तुकडा तळाशी राहू द्या, वासावरून त्याला जागा सापडते. यात एक गोम आहे: कागदावर करायची सवय लागली की पायपुसणं, सतरंजी, बाबांनी खुर्चीखाली टाकलेला पेपर, सगळंच त्याला ट्रे वाटायला लागतं. म्हणून पायपुसणी आणि सतरंज्या सध्या गुंडाळून माळ्यावर टाका. ट्रेची जागा बदलू नका. बदलावीच लागली तर रोज वीतभर सरकवा.

खरी मेख वेळेत आहे. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ थांबला की, आणि एरवी जागं असताना दर पाऊण तासाने ट्रेवर न्यायचं. जेवढे महिने वय, त्यात एक मिळवा. तेवढे तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. पण हा हिशेब शांत पडून असतानाचा, धुडगूस घालताना तो लागू नाही. खेळता खेळता मध्येच सोडून जमीन हुंगायला लागलं, गोल फिरायला लागलं, की उचलाच. खाणंही ठरलेल्या वेळीच द्या आणि वीस मिनिटांनी वाटी उचला. दिवसभर वाटी भरलेली राहिली, तर शीची वेळ कधीच कळणार नाही.

ट्रेवर नेताना पट्टा लावा आणि गप्प उभे राहा. करायला लागलं की हळूच ‘शू कर’ म्हणा, रोज तेच शब्द. संपताक्षणी, एक-दोन सेकंदांत, तिथेच नखाएवढा खाऊ द्या. आत आल्यावर दिलात तर त्याला वाटतं, आत आल्याबद्दल मिळाला. पाच मिनिटं थांबूनही काही झालं नाही, तर आत आणा. पण मोकळं सोडू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं. गॅलरीत चिमण्या, आवाज, वारा, त्याचं चित्तच नसतं; आत येऊन निवांत झालं की सोफ्यामागे कार्यक्रम उरकतं. दहा-पंधरा मिनिटं मांडीवर किंवा पिंजऱ्यात ठेवा आणि पुन्हा न्या. पिंजरा उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढाच. त्याहून मोठा असला तर एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात शू करेल.

पट्टा कमरेला बांधून पिल्लू सोबत फिरवा, असा सल्ला कुणी देईल. तुम्ही दोघांनी तो अजिबात ऐकायचा नाही. पायात अडकून पडाल. तुम्ही बसलेले असताना पट्टा पलंगाच्या पायाला बांधा. नजरेसमोर असलं की झालं.

आई, घरात शू झाली तर आधी कोरड्या फडक्याने टिपून घे. मग एन्झाइमवालं, म्हणजे लघवीचे अंश मोडून वास घालवणारं, क्लीनर ओत, दहा-पंधरा मिनिटं जागा ओलीच राहू दे आणि मग पूस. फिनेलने वास आपल्यापुरता जातो, त्याच्या नाकाला तो येतच राहतो. शिवाय काही फिनेलं पंजे चाटणाऱ्या कुत्र्याच्या पोटात गेली तर विषारी ठरतात. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास लघवीसारखाच. ब्लीच तर नकोच. लघवीत मिसळून त्रासदायक वायू होतो. आणि त्याला रागावू नकोस, त्याचं नाक शूमध्ये तर मुळीच घासू नकोस. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर करायची नाही, मग ट्रेवरही तुझ्यासमोर करणार नाही. करताना सापडलं तर शांतपणे उचलून ट्रेवर ठेव.

पाहुणे आले की आनंदाने दोन थेंब टाकतं, ते वेगळं. त्याला शिस्त लावायची नसते. पाहुण्यांना आधी बसू द्या, मग खाली हात करून भेटू द्या. वाढत्या वयात ते बहुधा आपोआप थांबतं.

पाणी दिवसा कधीही तोडू नका, फक्त झोपण्याआधी दीड-दोन तास वाटी उचला. सुरुवातीला रात्री एकदा गजर लावून न्यावंच लागेल. तेव्हा खेळ नाही, लाड नाही. मात्र पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू राहू दे, ओल्या फरशीवर पाय घसरायला नको.

चार ते सहा महिन्यांचं होईपर्यंत पूर्ण भरवसा धरू नका, आणि लहान चणीचं असेल तर आणखी थांबा. तीन-चार आठवडे एकही चूक झाली नाही की एकेक खोली उघडा. थेंब थेंब वारंवार होत असेल, कुंथत असेल, रक्त दिसलं किंवा जमलेली सवय अचानक मोडली, तर ती खोड समजू नका. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. जमलं तर लघवीचा ताजा नमुना स्वच्छ डबीत सोबत न्या.

तुमची,
लेक