श्रावण पाळणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

संपादक महोदय,

आषाढ संपत आला की वर्तमानपत्रांत गटारीचे विनोद आणि मटणाच्या दुकानांपुढच्या रांगांचे फोटो येतात. यंदा त्याआधी एक चौकट छापा, अशी कळकळीची विनंती आहे. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली, बरीच वर्षं पुरुषांच्या वॉर्डात. श्रावण लागला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे पेशंट यायचे, त्यांच्याविषयी लिहिते आहे.

वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस श्रावण पाळायचा म्हणून एकदम दारू बंद करतो. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दोन दिवसांच्या आत कुणाला फिट येते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास सुरू होतात. चादरीवर नसलेल्या मुंग्या चिमटीनं वेचत बसलेला धडधाकट गवंडी मी पाहिला आहे. बायकोलाही ओळखत नव्हता. घरच्यांनी 'बाहेरचं झालंय' म्हणून आधी देवऋषी गाठला, त्यात अख्खी रात्र गेली. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती अचानक थांबली की असा बिथरतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतोही.

पाय मोडून भरती झालेल्यांचंही हेच. वॉर्डात दारू नाही, मग तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळायला बघतात. भरती करताना डॉक्टरांनी विचारलेलं असतं, "पितात का?" बायको खाली मान घालून "नाही" म्हणते. सासू, दीर शेजारीच उभे, ती तरी काय बोलणार? पण खरं कळलं असतं तर औषध आधीच सुरू झालं असतं. "अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावा" हा आग्रह तर ठरलेला. अशा पेशंटला आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर नुसत्या ग्लुकोजनं मेंदूला इजा होऊ शकते.

श्रावण पाळू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. माळ घातल्यावर दारू कायमची सुटलेली माणसं माझ्या माहेरच्या गावात आहेत, त्यांचे संसार उभे राहिले. पण सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हाताचा थरकाप थांबत नाही, त्यानं घरच्या घरी एकदम बंद न करता आधी डॉक्टरांकडे जावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आठवडा-दहा दिवसांच्या औषधांवर हा अवघड काळ बहुतेकांचा निभावतो. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइनही मोफत आहे.

चौकटीत एवढंच आलं तरी पुरे. फक्त ती ऐन गटारीच्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी छापा, म्हणजे घरच्यांना दवाखाना गाठायला वेळ मिळेल.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली जिल्हा