मागणी असलेला विषय मी का घेतला नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "विषय ठरले का?" मी "हो, जवळजवळ" म्हणाले आणि तब्येतीचं विचारायला लागले. फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. चौतिसाव्या वर्षी मी अर्धवट सुटलेली गणिताची पदवी पुन्हा हाती घेतली, तेव्हा "आता कशाला?" असं तुम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाही. त्यामुळे मी काय निवडलं आणि का, हे तुम्हाला नीट कळायला हवं. बोलताना माझं सगळं एकमेकांत गुंततं, म्हणून लिहिते आहे.

सक्तीचे विषय आता संपले: कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, साधी डिफरेन्शिअल इक्वेशन्स, प्रॉबॅबिलिटी. उरलेल्या दोन सेमिस्टरमध्ये चार इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीनं निवडायचे विषय, घ्यायची आहेत. पहिल्या खेपेला, विशीत असताना, मी इलेक्टिव्ह कशी निवडली होती ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मैत्रिणींनी जे घेतलं ते घेतलं. मागच्या वर्षांचे पेपर सोपे दिसले, तास सकाळी लवकर नव्हते, एवढंच पाहिलं. मार्क चांगले पडले आणि तुम्ही खूश झालात. पण त्या विषयातलं एकही प्रमेय आज मला मांडता येत नाही. ते मनात राहिलं आहे, म्हणून या वेळी यादी हातात आल्यावर तीन आठवडे घेतले.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात, "ज्याला मागणी आहे ते घे." मी ते मनावर घेतलं. यादीत फायनान्शिअल मॅथेमॅटिक्स होतं, मशीन लर्निंग होतं. दोन्हींचे अभ्यासक्रम ओळ न् ओळ वाचले आणि प्रत्येक ओळीपुढे लिहून काढलं की हे समजायला आधी काय यायला हवं. फायनान्सच्या मध्यभागी ब्लॅक आणि शोल्स या अर्थतज्ज्ञांचं, शेअरवरच्या ऑप्शन नावाच्या सौद्यांची किंमत काढणारं, १९७३ सालचं समीकरण आहे. त्यातली चलं योग्य रीतीनं बदलली की उरतं ते उष्णतेचं समीकरण, फूरिए या फ्रेंच गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तापलेल्या वस्तूतून उष्णता कशी पसरते हे सांगायला मांडलेलं. मशीन लर्निंगखाली बघितलं तर मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी आणि कमीत कमी चूक शोधायच्या पद्धती. म्हणजे ज्याला मागणी आहे ते वरच्या मजल्यावर आहे, आणि खालचा मजला दोन्हींचा बराचसा एकच आहे. वरच्या मजल्यावरची हत्यारं दर काही वर्षांनी बदलतात, ती मी नोकरी करता करता शिकू शकते, आजवर शिकलेही. खालचं मात्र एकटीनं शिकायला गेले की अडते. सिद्धतेत कुठे घसरले हे माझं मला दिसत नाही, त्याला समोर कुणीतरी शिकवणारं लागतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं नेमकं उलटं केलं. तिला पदवी हातात पडताच नोकरी हवी आहे, आणि तिच्यासाठी तेच बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडे काम आहे, म्हणून मला हे परवडतं.

तर पहिला विषय: पार्शल डिफरेन्शिअल इक्वेशन्स, आम्ही पीडीई म्हणतो. ठिकाण आणि वेळ अशा एकाहून जास्त गोष्टींबरोबर काय कसं बदलतं, ते सांगणारी समीकरणं. उष्णता, लाटा, ध्वनी हे सगळं त्यातून जातं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो नसता घेतला तर या पदवीला अर्थच राहिला नसता.

दुसरा न्यूमेरिकल लिनिअर अल्जेब्रा. बाबा, तो मी तुमच्यामुळे घेतला. गेल्या वर्षी तुमचं सीटी स्कॅन झालं तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता, की कापल्याशिवाय आतलं दिसतं कसं? नंतर वाचलं. क्ष-किरण शरीरातून आरपार जातो आणि वाटेत थोडा थोडा शोषला जातो. पलीकडे किती उरला हे मोजलं की त्या सरळ रेषेवरच्या सगळ्या ठिकाणांच्या शोषणाची मिळून बेरीज कळते. कुठल्या ठिकाणी किती शोषला गेला, ते कळत नाही.

आता एक चार घरांची चौकट घ्या, दोन ओळी, दोन स्तंभ. घरांतले आकडे झाकलेले आहेत. पहिल्या ओळीची बेरीज ५, दुसरीची ९. पहिल्या स्तंभाची ६, दुसऱ्याची ८. चार अज्ञात आकडे, चार बेरजा, म्हणजे उत्तर एकच यायला हवं असं वाटतं. पण वर २, ३ आणि खाली ४, ५ ठेवले तरी बेरजा जमतात, आणि वर १, ४ आणि खाली ५, ४ ठेवले तरी जमतात. कारण चौथी बेरीज आधीच्या तिघींतूनच निघते, ती नवं काही सांगत नाही. आता डाव्या वरच्या घरापासून उजव्या खालच्या घरापर्यंत तिरकी बेरीज घेतली आणि ती ७ आली, की पहिलंच उत्तर उरतं. स्कॅनचं यंत्र तुमच्याभोवती फिरत होतं ते या तिरक्या बेरजा गोळा करण्यासाठी.

रेषांवरच्या सगळ्या बेरजा माहीत असतील तर आतलं चित्र परत मिळवता येतं, हे राडोन नावाच्या गणितज्ञानं १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं, तेव्हा त्याला वैद्यकातला उपयोग समोर नव्हता. कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला ते माहीतही नव्हतं, त्यानं १९६३-६४ मध्ये आपलं गणित स्वतंत्रपणे मांडलं. हाउन्सफील्ड या इंजिनिअरच्या यंत्रानं १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं, ८० बाय ८० घरांचं. म्हणजे ६,४०० अज्ञात आकडे, आणि त्यासाठी २८,८०० मोजमापं. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड या दोघांना मिळालं. तुमच्या स्कॅनमध्ये घरं कितीतरी जास्त असणार. एवढी समीकरणं सोडवायची कशी, आणि मोजमापात थोडी चूक असली तर ती उत्तरात किती पटीनं वाढते, हेच हा विषय शिकवतो. डॉक्टर ज्या चित्राकडे बघून "काळजीचं कारण नाही" म्हणाले, ते चित्र कसं बनलं हे मला शेवटपर्यंत समजून घ्यायचं आहे.

आई, यात तूही आहेस. तू घरखर्चाची बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करायचीस, आणि दोन्ही जुळल्या की वही मिटायचीस. कॉम्प्युटरमध्ये त्या दोन बेरजा कधीकधी जुळत नाहीत. तो साधारण सोळा अंक लक्षात ठेवतो, त्यापुढचे सोडून देतो. एकावर सोळा शून्यं असलेल्या संख्येत १ मिळवायला सांगितलं तर उत्तर जसंच्या तसं राहतं, तो १ हरवतो. म्हणून छोटे आकडे आधी मिळवायचे की मोठे, यानं फरक पडतो. हे क्षुल्लक नाही गं. १९९१ च्या आखाती युद्धात एका क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं. एक दशांश हा आकडा कॉम्प्युटरच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत लिहायला गेलं की कधीच संपत नाही, म्हणून तो कापून ठेवला होता. सुमारे १०० तास सलग चालल्यावर घड्याळ एक तृतीयांश सेकंद चुकलं, येणारं क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक गेले. वर्गात हे सांगितल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसरा विषय रिअल अ‍ॅनालिसिसचा पुढचा भाग. उपयोजित गणितवाले सहसा तो टाळतात, मलाही तीन जणांनी "कशाला?" विचारलं. कोशीसारख्या मोठ्या गणितज्ञानं १८२१ मध्ये लिहिलं होतं की सलग फलनांची, म्हणजे ज्यांचा आलेख मध्येच तुटत नाही अशांची, अनंत बेरीज एका ठरावीक उत्तराकडे जात असेल तर तीही सलगच असते. पाच वर्षांनी आबेल या गणितज्ञानं साइन फलनांच्या एका साध्या श्रेणीत तो नियम मोडलेला दाखवला. पीडीईमध्ये सर्रास अशा अनंत बेरजा कराव्या लागतात, त्यांचं पदापदानं इंटिग्रेशन करावं लागतं. ते कधी चालतं आणि कधी नाही हे मला ठाऊक नसेल, तर मी फक्त कृती पाठ केलेली असेल. विशीत मी तेच केलं होतं. हा विषय मला जड जाणार आहे, मार्क कमी पडतील, हे आधीच सांगून ठेवते.

चौथा अजून ठरलेला नाही. ऑप्टिमायझेशन (सगळ्यांत चांगला पर्याय शोधायचं गणित) की स्टोकॅस्टिक प्रोसेसेस (वेळेबरोबर योगायोगानं बदलत जाणाऱ्या गोष्टींचं गणित), यात अडकले आहे. ऑप्टिमायझेशन माझ्या आताच्या कामात लगेच लागेल, आणि बाबा, ते घेतलं तर तुमचंही थोडं ऐकल्यासारखं होईल. स्टोकॅस्टिक प्रोसेसेस मात्र प्रॉबॅबिलिटीच्या पेपरापासून मनात आहे. ते शिकवणाऱ्या बाईंना पुढच्या आठवड्यात भेटून विचारणार आहे, की माझी तयारी पुरेल का. फॉर्म महिनाअखेरीस द्यायचा आहे.

आई, रात्री जागतेस का म्हणून विचारलंस. जागत नाही, पहाटे उठते.

आणि बाबा, चार घरांची चौकट तुम्हाला लगेच सुटेल, म्हणून नऊ घरांची पाठवते. तीन ओळी, तीन स्तंभ आणि दोन्ही मोठे कर्ण, अशा आठ बेरजा दिल्या तर नऊ आकडे नक्की ठरतात का? नसतील, तर आणखी कुठल्या तिरक्या रेषा लागतील? कागदावर करून बघा. रविवारी फोन करेन तेव्हा विषयांचं नंतर बोलू, आधी हे सांगा.

तुमची,
धाकटी