दादा, आपले कॉम्प्युटर भंगारात गेले नाहीत

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. खानापूर तालुक्यात ज्या ज्या गावच्या वाचनालयात जुने कॉम्प्युटर चादर टाकून ठेवलेत, तिथल्या लोकांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

मुंबईकर मंडळाने दिलेले आपले कॉम्प्युटर सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचे की मुलं कंटाळून घरी जायची. एका दुकानात विचारलं तर "जुने झालेत, नवीन घ्या" एवढंच उत्तर मिळालं. आत काय आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, तर पुढे विचारणार तरी काय? गणपतीला तुम्ही आलात, डेबियन १३ ही लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घातलीत, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून एकच शब्द टाइप करायला लावलात: फास्टफेच. कॉम्प्युटरच्या आत काय आहे त्याची यादी दाखवणारा हा छोटासा प्रोग्रॅम.

डावीकडे डेबियनचं लाल वेटोळं, उजवीकडे ओळी. तुम्ही वाचून दाखवलं नाहीत, माझ्याकडून वाचून घेतलंत. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, ओळीत आय३-४१३०, कंसात ४, पुढे ३.४० गिगाहर्ट्झ. तो ४ थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचा), कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच, हे तेव्हा कळलं. रॅम ४ जीबीची, पण मेमरीच्या ओळीत एकूण ३.७च्या आसपासच दिसत होती. राहिलेली कुठे गेली, असं मी विचारलं. "प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, स्वतःसाठी थोडी राखून ठेवतात," तुम्ही म्हणालात, आणि मी ते वहीत लिहून घेतलं.

या यादीवरच सगळं सोडू नको, हेही तुम्हीच बजावलंत. डिस्क किती भरली ते तिथे दिसतं, पण ती जुनी फिरणारी की न फिरणारी, वेगवान एसएसडी, ते एलएसबीएलके या कमांडमधल्या 'रोटा'च्या रकान्यात बघायचं. १ असेल तर फिरणारी. रॅमचे स्लॉट किती रिकामे, ते डीएमआयडीकोड या कमांडला विचारायचं, आणि त्यासाठी सुडो, म्हणजे अॅडमिनचा अधिकार, लागतो. आपल्या मशीनमध्ये रोटा १ निघाला आणि डीडीआर३ प्रकारच्या रॅमचा एक स्लॉट रिकामा. सगळं दुखणं तिथेच होतं.

फास्टफेच मला का आवडलं ते सांगते. लिनक्स 'प्रॉक' आणि 'सिस' या फोल्डरांत जी माहिती मांडून ठेवतो, त्यातली बरीचशी तेच वेचून दाखवतं आणि लगेच बंद होतं. मागे बसून मेमरी खात नाही. आधी याच कामाचं नीओफेच सगळीकडे चालायचं. ते बॅश या टर्मिनलच्या भाषेत लिहिलेलं, हे सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, म्हणून झटपट. नीओफेचचं काम एप्रिल २०२४मध्ये थांबलं, आणि ते लिहिणाऱ्या डिलन अॅरप्स यांनी आपण शेती करू लागल्याचं कळवलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा भातलावणी करून आलेल्या आपल्या मंडळींना किती बरं वाटलं होतं!

पण खरा उपयोग झाला तो बेळगावात. एरवी पावसात कॉम्प्युटरचा आख्खा डबा पोत्यात गुंडाळून बसने न्यावा लागला असता. तुम्ही लोगो काढून यादी फाइलमध्ये कशी घ्यायची ते दाखवलंत, लोकल आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याची) ओळ पुसायला लावलीत, आणि मी नुसता कागद घेऊन गेले. दुकानदार कन्नड बोलणारे, माझं कन्नड बाजारापुरतं. त्यांनी कागदावरून नजर फिरवली, ४ जीबीची डीडीआर३ पट्टी आणि एक एसएसडी काढून समोर ठेवली. नवीन मशीनचा विषयसुद्धा निघाला नाही. आता मुलं शाळेतून थेट वाचनालयात येतात, फॉर्म इथेच भरतात.

तुम्ही स्वतः सगळं करून निघून गेला असतात तरी आम्ही ऋणीच राहिलो असतो. पण तुम्ही सगळी दुपार माझ्या शेजारी बसून राहिलात, त्याचे आभार मला जास्त मानायचे आहेत.

मंडळाकडून आता एक जुना लॅपटॉप आलाय. नववीतल्या एका मुलीने त्याची यादी काढली; ती सोबत पाठवते. बॅटरीच्या ओळीत ९७ टक्के दिसतं, पण वायर काढली की तो बंद पडतो. ती टक्केवारी चार्जची, बॅटरीच्या तब्येतीची नव्हे, हे तिनेच मला समजावलं. बॅटरी बदलावी का, तेवढं कळवा.

आपली,
वाचनालयातली ताई