मायसीनीची सहल, मायसीनीशिवाय

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे कार्यालय

विषय : अथेन्सहून निघालेली मायसीनी–एपिडॉरस (ग्रीसमधली दोन प्राचीन स्थळं) वीकेंड सहल (1 व 2 फेब्रुवारी 2025). मुख्य स्थळ न दाखवल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय,

मी सांगलीची. प्राचीन इतिहासाची विद्यार्थिनी असून सध्या एका सत्रासाठी अथेन्समध्ये शिकते आहे. ‘परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी’ ही तुमची जाहिरात वाचून आईने सांगलीहूनच 24,500 रुपये भरले. सहलीनंतर मी तक्रार केली, तेव्हा ‘स्थळ बंद असणे आमच्या नियंत्रणाबाहेर आहे’ एवढंच उत्तर आलं. ते मला मान्य नाही.

शनिवारी सकाळी बस वेळेवर निघाली. कॉरिंथच्या कालव्यावर थांबलो. 1893 साली पुरा झालेला हा सहा किलोमीटरहून थोडा लांब कालवा पुलावरून बघताना पोटात गोळा येतो. तिथे ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला, पण त्याबद्दल काही म्हणणं नाही. जेवणानंतर मात्र बस मायसीनीऐवजी मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्यात नेली, आणि तिथून ऑलिव्ह तेलाच्या दुकानात. कार्यक्रमपत्रिकेत या दोन्ही जागा नाहीत. जवळपास दोन तास आम्ही चव घेत आणि फुलदाण्यांचे भाव ऐकत उभे होतो. गल्ल्यावरची बाई प्रत्येक खरेदीपुढे आमच्या बसचा नंबर लिहून घेत होती. का, ते तुम्हाला माहीत असेलच.

हिवाळ्यात मायसीनी दुपारी साडेतीनला बंद होतं. आम्ही पोहोचलो तीन वाजून वीस मिनिटांनी. तिकीट खिडकी बंद झाली होती. पहारेकऱ्याने नम्रपणे मान हलवली. त्याचं काहीच चुकलं नाही.

या वेळा तिथल्या सरकारने आधीच जाहीर केलेल्या असतात. त्या दिवशी ना संप होता, ना पाऊस. त्यामुळे नियंत्रणाबाहेरचं नेमकं काय होतं, ते लेखी कळवावं. माझ्या मते नियंत्रणाबाहेर फक्त दुकानातला मुक्काम गेला होता.

कुंपणाबाहेरून टेकडी आणि थोडी तटबंदी दिसली. सिंहद्वार काही दिसेना, आणि मी सहलीला आले होते ती त्याच्यासाठी. इसवी सनपूर्व 1250 च्या सुमाराच्या या दारावर आडवी प्रचंड शिळा आहे. वरच्या भिंतीचा भार तिच्यावर येऊ नये म्हणून बांधणाऱ्यांनी वर त्रिकोणी पोकळी सोडली आणि ती दोन सिंहांच्या शिल्पाने झाकली. माझ्या सत्राच्या निबंधाचा विषयच हा. रस्त्यालगतच्या, ‘अट्रियसचा कोषागार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थडग्यात हीच युक्ती आणखी मोठ्या प्रमाणात दिसते. त्याच्या दारावरची आतली शिळा सुमारे 120 टनांची मानतात. तेही फाटक बंद.

मी टूर मॅनेजरना सुचवलं, की आपला मुक्काम नाफ्प्लिओला आहे, तिथून मायसीनी बसने अर्ध्या तासावर. उद्या सकाळी आधी इकडे येऊ, मग एपिडॉरसला जाऊ. बसमधल्या बाकीच्या मुलांनीही हेच म्हटलं. ‘वर विचारावं लागेल’ म्हणाले. वरून काय उत्तर आलं ते रविवारी कळलं : बस थेट एपिडॉरसला.

आता पैशांचं. तुमच्या पावतीत ‘दोन्ही स्थळांचे प्रवेश शुल्क’ म्हणून 2,400 रुपये वेगळे लावले आहेत. मायसीनीचं तिकीट काढलंच नाही. रविवार 2 फेब्रुवारी हा महिन्याचा पहिला रविवार होता; नोव्हेंबर ते मार्च या काळात पहिल्या रविवारी ग्रीसमधल्या सरकारी पुरातत्त्व स्थळांना प्रवेश मोफत असतो. म्हणजे एपिडॉरसलाही तुम्ही काही भरलेलं नाही. तरीही 2,400 रुपये घेतले.

जाहिरातीत ‘परवानाधारक मार्गदर्शक’ असंही लिहिलं आहे. ग्रीसमध्ये अशा स्थळांच्या आत माहिती सांगायला परवाना लागतो. आमच्याबरोबर तो असलेलं कोणीच नव्हतं. मॅनेजर बसच्या माइकवर बोलत आणि फाटकाशी ‘फिरून या, फोटो काढा’ म्हणत. एपिडॉरसच्या नाट्यगृहाच्या 55 ओळींपैकी खालच्या 34 आधीच्या आणि वरच्या 21 नंतर वाढवलेल्या, हे मुलांना मी सांगितलं. रोगी जिथे झोपून आरोग्याचा देव अस्क्लीपिअस स्वप्नात येण्याची वाट बघत, ती जागा जवळच होती. पण तिकडे न्यायला वेळ नव्हता म्हणे.

जाहिरातीतली आणखी एक ओळ : ‘मायसीनीत पाहा अगामेम्नॉनचा खरा सुवर्ण मुखवटा’. मायसीनीत उत्खनन करणाऱ्या श्लीमनला 1876 साली सापडलेला तो मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, माझ्या खोलीपासून बसने काही थांब्यांवर. शिवाय तो अगामेम्नॉनच्या, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या मायसीनीच्या राजाच्या, मानल्या जाणाऱ्या काळाहून तीनेकशे वर्षं जुना आहे. फाटक उघडं असतं, तरी तुम्ही तो तिथे दाखवू शकला नसता.

चालकाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, नाफ्प्लिओचं हॉटेलही स्वच्छ होतं.

माझी मागणी अशी : प्रवेश शुल्काचे 2,400 रुपये पूर्ण परत करावेत, मायसीनी न दाखवल्याबद्दल आणि मार्गदर्शक न दिल्याबद्दल उरलेल्या रकमेचा निम्मा भाग, म्हणजे 11,050 रुपये द्यावेत, आणि मुखवट्याची ती ओळ जाहिरातीतून काढावी. पुढच्या सहलीचं सवलत कूपन नको.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांसाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, तेव्हा आईला पुण्याला यावं लागणार नाही.

पावती, कार्यक्रमपत्रिका, जाहिरातीची प्रत आणि बंद फाटकाचे वेळ नोंदलेले फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)