आत्महत्येविषयी विचारायलाही शिकवावे लागते

संपादक महोदय,

नैराश्याने ग्रासलेला माणूस सहसा थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग दुखते अशा तक्रारी घेऊन तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो. त्यामुळे अशा रुग्णाशी कसे बोलावे, हे पुढे कोणत्याही शाखेत जाणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला यायला हवे, पण हा विषय बहुधा एखाद्या व्याख्यानात उरकला जातो. नैराश्याची लक्षणे घडाघडा सांगणारा विद्यार्थी ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हा प्रश्न रुग्णाला विचारताना अडखळतो, कारण विचारल्यानेच तो विचार रुग्णाच्या मनात शिरेल अशी भीती त्याला वाटते. या भीतीला संशोधनाचा आधार नाही. स्पष्ट विचारल्याने अनेकांना मोकळे वाटते. खरी कसोटी उत्तर ‘हो’ आल्यावर लागते. तेव्हा उपदेश सुरू न करता ऐकून घेणे, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, हे शांतपणे विचारणे आणि जिवाला धोका असल्यास ही गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही हे रुग्णाला प्रामाणिकपणे सांगणे, हे सारे सरावानेच जमते.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा आक्षेप ठरलेला आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या बेकमन आणि फ्रँकेल यांच्या अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचे बोलणे तोडत असल्याचे आढळले होते. २००२ मधील एका स्विस अभ्यासात मात्र, मध्येच न अडवल्यास बहुतेक रुग्णांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत संपले.

रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींबरोबर सराव करण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून रूढ आहे आणि ती उपयुक्तही आहे. मात्र परीक्षेच्या तक्त्यात गुण मिळतात म्हणून ‘मला तुमचे दुःख समजते’ हे वाक्य पाठ करणारे विद्यार्थी त्यातूनच तयार होतात (आणि ते पाठ केलेले आहे हे रुग्णाला चटकन कळते). म्हणून विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष रुग्णाशी होणारा संवाद शिक्षकाने समोर बसून पाहावा, त्यावर लगेच बोलावे आणि मानसिक आजारातून सावरलेल्या व्यक्तींनाही या शिकवण्यात सहभागी करून घ्यावे.

रुग्ण ऐकत असताना त्याच्या खाटेशी उभे राहून ‘याला काही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणारे वरिष्ठ डॉक्टरही विद्यार्थ्यांना काहीतरी शिकवतच असतात. या प्रशिक्षणाची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.

एक वाचक