कामावर घेताना आपण विचारलेल्या प्रश्नांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपले आणि आपल्या कंपनीचे नाव पत्रात येऊ नये, असे आपण सांगितले होते. त्याप्रमाणे ते घातलेले नाही. तरीही पत्र खुलेच लिहायचे, हा माझा आग्रह होता. मी स्वतः दुसऱ्या एका कंपनीत नोकरभरतीचे काम पाहते. शिक्षा भोगून आलेल्या माझ्या थोरल्या भावाला आपण ज्या रीतीने कामावर घेतलेत, ती रीत माझ्याच व्यवसायातल्या लोकांच्या नजरेखालून जावी, असे मला वाटते. आपल्या मनाचा मोठेपणा कोणीही मान्य करील. मला आभार मानायचे आहेत ते आपल्या कामाच्या पद्धतीचे.

आधीच्या नोकरीतील पैशांच्या अफरातफरीबद्दल भावाला शिक्षा झाली होती. शिक्षा संपली, पण भरपाईची रक्कम आणि खटल्यासाठी काढलेले कर्ज संपले नव्हते. ज्या ज्या अर्जात ‘आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय’ असा रकाना होता, तिथे त्याने खरे तेच लिहिले, आणि तिथून बहुतेक वेळा नकारसुद्धा आला नाही. हा त्याच्या एकट्याचा अनुभव नव्हे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवून याची पडताळणी केली होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, शिक्षेची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना पुढचे बोलावणे आले, तर नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीय उमेदवारांत हेच प्रमाण १४ आणि ५ टक्के होते.

मग तो रकानाच काढून टाकावा, असे सुचणे स्वाभाविक आहे. हवाई राज्याने १९९८ साली कायदा करून हा प्रश्न नोकरी देऊ केल्यानंतरच विचारण्याची मुभा ठेवली आणि पुढे अनेक शहरांनी व राज्यांनी तोच मार्ग धरला. हेतू चांगलाच होता, आणि प्रश्न उशिरा विचारण्याच्या बाजूने मीही आहे. परंतु अमांडा अगन आणि सोंजा स्टार यांनी न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहरात सुमारे १५ हजार बनावट अर्ज पाठवून पाहिले, तेव्हा रकाना काढलेल्या कंपन्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना येणाऱ्या बोलावण्यांतली तफावत ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्याचे त्यांना आढळले. विचारायची सोय उरली नाही, तेव्हा मालकांनी नावावरून तर्क लढवले. प्रश्न दडवला म्हणजे संशय जातोच असे नाही, हे भरतीच्या टेबलाशी बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आपण प्रश्न दडवला नाहीत. कामाची माहिती, अनुभव आणि हिशेबाची छोटी चाचणी असे सगळे आटोपल्यावर आपण भावाला न्यायालयाच्या निकालाची प्रत आणायला सांगितलीत, आणि पुढच्या भेटीत ती आपल्या हातात होती तेव्हा तिच्या समासात आपण केलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या, असे तो सांगतो. मला या खुणांचे फार अप्रूप वाटते. आमच्या क्षेत्रात पोलीस पडताळणीच्या अहवालातला एक शब्द वाचून फाइल बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत. निकाल शेवटपर्यंत वाचणारा अधिकारी मी तरी आपल्याखेरीज पाहिलेला नाही. पैसे त्याच्या हाती कोणत्या टप्प्यावर येत होते, त्यावर दुसऱ्या कोणाची सही लागत होती का, आणि इथल्या कामात तसा टप्पा कुठे येतो असे त्याला स्वतःला वाटते, एवढेच आपण विचारलेत. ‘असे का केले’ हे विचारले नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात देऊन झाले होते आणि त्यातून आपल्या भांडारातल्या कामाबद्दल काहीच कळले नसते.

त्या उत्तरांवरून आपण ठरवलेत की सुरुवातीला त्याने भांडारातील आवक-जावक पाहावी, खरेदीची बिले मंजूर करू नयेत, आणि महिनाअखेरची मोजदाद त्याच्याबरोबर आणखी एकाने करावी. मोजदादीचा नियम आपण भांडारातील सगळ्यांनाच लावलात, ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते. त्यामुळे पाळत एका माणसावर न राहता मालावर राहिली, आणि तिथल्या जुन्या लोकांनीही कुरकुर केली नाही. निकालाची प्रत आपण बंद लिफाफ्यात ठेवलीत आणि ती कोण पाहू शकेल हे वर लिहून ठेवलेत, त्यामुळे त्याचा भूतकाळ चहाच्या वेळच्या गप्पांचा विषय झाला नाही.

कर्जाच्या बाबतीत आपण जे केलेत ते तर मी आमच्या कार्यालयात उदाहरण म्हणून सांगते. एका धनकोकडे पगारातून कपात करण्याचा न्यायालयाचा हुकूम होता. दुसऱ्याकडे हुकूम नव्हता, नुसते फोन होते. पहिल्याची कपात आपण हुकुमाप्रमाणे, न चुकता केलीत. दुसऱ्याला आपण लेखी कळवलेत की कर्मचाऱ्याचा पगार त्याच्याच हाती जाईल आणि यापुढचा पत्रव्यवहार थेट त्याच्याशी करावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण कराराने हेच तत्त्व मांडले आहे: कायद्याने घातलेल्या मर्यादेतच वेतनावर जप्ती यावी आणि कामगाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहापुरते वेतन सुरक्षित राहावे. वसुलीवाल्यांच्या फोनला कंटाळून माणसालाच काढून टाकणे सोपे असते आणि तसे सर्रास होतेही. नोकरी गेली की फेड थांबते, म्हणजे त्यात धनकोचाही तोटाच, पण फोन करणाऱ्याला हे पटवणार कोण?

ही नोंद माणसाच्या मागे जन्मभर राहू नये, हे आपले मत मला ठाऊक आहे आणि ते मला पटते. ब्रिटनने १९७४ च्या कायद्याने ठराविक मुदतीनंतर बऱ्याच शिक्षा बहुतेक नोकऱ्यांपुरत्या कालबाह्य मानल्या. आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी २००९ साली दाखवले की काही वर्षे नव्या गुन्ह्याशिवाय गेली, तर जुनी नोंद असलेल्या माणसाकडून असलेला धोका त्याच वयाच्या इतर लोकांइतकाच उरतो. अडचण अशी की ही सुरुवातीची वर्षे कुठे तरी काम करूनच काढावी लागतात आणि नेमके तेव्हाच कोणी काम देत नाही. आपण दिलेत.

आपला प्रश्नांचा कागद आमच्या विभागात वापरण्याची परवानगी आपण लगेच दिलीत, त्याबद्दलही मी आभारी आहे. आमच्या व्यवस्थापनाने तूर्त भांडार आणि दुरुस्ती विभागांतील भरतीसाठी तो मान्य केला आहे. रोखपालाच्या जागेबद्दल त्यांचा नकार कायम आहे. त्यांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही, म्हणून त्या जागेसाठी कोणते प्रश्न वाढवावेत, याविषयी सवडीने आपला सल्ला मिळाल्यास बरे होईल.

आपली नम्र,

आपल्या भांडारातील एका कर्मचाऱ्याची धाकटी बहीण